गॅरेजमधील यंत्रावजारे आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द

(राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त ४ मार्च रोजी रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या वाहनदुरुस्ती व्यावसायिकांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही आणि मेकॅनिकही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या कामाला लागलो आणि त्याच वाटेने रुग्णालयाच्या प्रशासनात आलो. शस्त्रक्रियेविषयी मी अधिकारवाणीने बोलू लागलो तर मागे बसलेले डॉक्टर हसतील, आणि गिअरबॉक्सविषयी बोलू लागलो तर आपण सारे हसाल. परंतु या इमारतीत येणारी प्रत्येक जखम अखेरीस कागदावर उतरते आणि तो कागद माझ्या टेबलावरून पुढे जातो. गेली अनेक वर्षे असे कागद वाचून जे ध्यानात आले, तेवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

१९६६ साली ४ मार्च या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली आणि १९७२ पासून हा दिवस देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. मोठ्या कारखान्यांतून आज सकाळी ध्वज उभारला गेला असेल, शपथ घेतली गेली असेल. तेथे सुरक्षा अधिकारी नावाचा पगारी माणूस असतो. आपल्याकडे महामार्गाच्या दुतर्फा पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या गॅरेजात एक मालक, एक मिस्त्री आणि दोन हेल्पर असतात. कारखान्यात असतो तोच ग्राइंडर, तोच ड्रिल, तोच कॉम्प्रेसर, तीच इम्पॅक्ट गन येथेही असते. सुरक्षा अधिकारी तेवढा नसतो. म्हणून हा दिवस कारखान्यांपेक्षा आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे, असे मला वाटते.

अपघात विभागाच्या केसपेपरवर ‘इजा कशी झाली’ असा एक रकाना असतो. गॅरेजमधून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत तेथे बहुधा त्रोटक वाक्य असते: काम करताना मशीन लागले. सोबत आलेला माणूस तोंडी भर घालतो, ‘पोरगा निष्काळजी आहे हो, लक्षच नव्हते त्याचे.’ हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा असे वाटू लागले. निष्काळजीपणा झाला, हे खरेच. तो कोणाच्या नावे लिहायचा, हा माझा आजचा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल चार इंची हॅंड ग्राइंडर घेऊ. प्रत्येक गॅरेजात तो असतोच. गंजलेला नट कापणे, सायलेन्सरचा पत्रा छाटणे, वेल्डिंगचा सांधा घासून सपाट करणे, ही सारी कामे त्याच्यावर होतात. या यंत्राचा वेग साधारण मिनिटाला ११,००० फेरे असतो. चार इंची म्हणजे शंभर मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा परीघ सुमारे एकतीस सेंटिमीटर. गुणाकार केला तर चकतीची कडा ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. या वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या पुढ्यात आपण कोणी हात घालणार नाही. येथे मात्र ती मोटार आपल्याच तळहाताएवढ्या जागेत फिरत असते आणि लहान दिसते म्हणून तिचे भय वाटत नाही.

नव्या ग्राइंडरच्या खोक्यात दोन वस्तू असतात. चकतीच्या अर्ध्या भागावर बसणारे पोलादी गार्ड आणि दुसऱ्या हाताने धरण्याचे आडवे हॅंडल. आपल्या भागातल्या गॅरेजात मी जेथे जेथे गेलो, तेथे या दोन वस्तू शोधल्या. बहुतेक ठिकाणी त्या कोपऱ्यातल्या डब्यात जुन्या बेअरिंगांबरोबर पडलेल्या आढळल्या. विचारल्यावर कारण एकच मिळाले: गार्डमुळे अडचणीच्या जागी हात पोहोचत नाही. हे कारण खोटे नाही. मडगार्डच्या आतल्या बाजूला गार्डसहित ग्राइंडर जात नाही, हे मला तेथेच दाखवण्यात आले. पण त्या एका जागेसाठी काढलेले गार्ड उरलेल्या वर्षभरात कोणी परत बसवत नाही. खंडेनवमीला ग्राइंडरला झेंडूची माळ घालतो, त्या दिवशी तरी गार्ड डब्यातून काढून पूजेत ठेवावे, असे मी एका मालकांना म्हणालो. ते हसले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा गार्ड बसवलेले होते. खंडेनवमी मात्र अद्याप दूर होती.

गार्ड काढले की दुसरा मोह होतो, तो मोठ्या चकतीचा. सात इंची चकती बुश घालून चार इंची यंत्रावर बसवली की खोलवर कापता येते आणि चकती जास्त दिवस पुरते. सात इंची चकतीवर तिची मर्यादा छापलेली असते, मिनिटाला साधारण ८,५०० फेरे. तिच्या कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरपर्यंत चालेल, असा त्याचा अर्थ. तीच चकती ११,००० फेऱ्यांच्या यंत्रावर फिरवली तर कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जातो. चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग सव्वापट झाला की ताण दीडपटीहून अधिक होतो. चकती हा पोलादाचा तुकडा नसून वाळूसारखे कण राळेत बसवून आणि जाळीने बांधून केलेली वस्तू आहे. ती फुटते तेव्हा तिचे तुकडे बंदुकीच्या छऱ्यांसारखे उडतात, आणि ज्या गार्डने ते अडवायचे ते डब्यात असते.

अशाच आणखी काही सवयी आहेत. कापण्याच्या पातळ चकतीच्या सपाट अंगाने घासकाम करणे, खाली पडलेली किंवा भिजलेली चकती पुन्हा वापरणे, स्विच अडकवून ठेवून चालू ग्राइंडर गुडघ्यावर किंवा बोनेटवर ठेवणे. स्विच बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत राहते, हे सर्वांना ठाऊक आहे. मांडीवरच्या जखमा तरीही येतात. चकतीच्या मध्यावरील धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेले असते, ते मात्र फारसे कोणी वाचत नाही. औषधाच्या पट्टीप्रमाणे चकतीलाही मुदत असते, सामान्यतः तीन वर्षांची, कारण तिच्यातील राळ कालांतराने कमजोर होते. औषधांच्या मुदतीबद्दल आमच्या औषध विभागाशी भांडणाऱ्या एका ग्राहकाच्या गॅरेजात मी मुदत संपून पाच वर्षे झालेली चकती पाहिली आहे. आज ते सभागृहात असतील तर त्यांनी राग मानू नये.

डोळ्यांविषयी नेत्र विभागाचे सहकारी अधिक सांगतील. मला एवढेच नमूद करायचे आहे की इजा कित्येकदा ग्राइंडर चालवणाऱ्याला न होता समोर पत्रा धरून बसलेल्या हेल्परला होते. मिस्त्रीच्या डोळ्याला चष्मा असतो, धरणाऱ्याला तो कोणी दिलेलाच नसतो. कण बुबुळावर रुतला तर काही तासांतच त्याभोवती गंजाचे कडे धरू लागते. वेगाने आलेला बारीक कण डोळ्याच्या आत शिरला तर दुखणे कधी कधी अगदी थोडे असते आणि त्यामुळेच फसगत होते. आत राहिलेले लोखंड पुढे दृष्टी नेते. प्रत्येक गॅरेजात एक ‘कचरा काढणारा’ निष्णात असतो. तो रुमालाच्या टोकाने किंवा काडीने कण काढतो. त्याच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही, पण त्याच्या रुमालाबद्दल आहे. वेल्डिंगची झळ लागलेला डोळा रात्री उशिरा दुखू लागतो, तेव्हा त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवून सकाळची वाट पाहण्यापेक्षा थेट यावे. नेत्र विभागाचे डॉक्टर रात्रीही बोलावता येतात.

चष्मा का घातला जात नाही, याचे उत्तर मला एका तरुण कारागिराने दिले आणि ते मला फार पटले. तो म्हणाला, ‘साहेब, त्यातून दिसतच नाही.’ चष्मा पाहिला तर ओरखड्यांनी पांढरा झालेला. मालकांनी तो दोन वर्षांपूर्वी घेतला होता आणि ‘चष्मा दिलेला आहे’ अशी त्यांच्या मनात नोंद होती. हिशेबाच्या भाषेत ही मालमत्ता केव्हाच शून्य किमतीला आली होती. शंभर-दोनशे रुपयांची ही वस्तू भांडवली खर्चात न धरता साबण आणि चिंध्यांसारखी चालू खर्चात धरावी, असे माझे मत आहे.

कॉम्प्रेसरच्या हवेविषयी बोलताना मला संकोच वाटतो, तरी बोलणे भाग आहे. मोटारीच्या चाकात साधारण तीस पौंड दाबाची हवा असते आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभर ते दीडशे पौंडांची. या हवेने कपड्यांवरची धूळ उडवणे हा संध्याकाळचा नित्याचा कार्यक्रम असतो. त्वचेवर लहानशी जखम असली तरी तेथून हवा आत शिरू शकते, कानाचा पडदा फाटू शकतो. त्याहून भयंकर म्हणजे थट्टा. नळी माणसाच्या मागील बाजूस लावून हवा सोडण्याची थट्टा आपल्या देशात पुन्हा पुन्हा होते आणि तीत आतडे फाटून माणसे दगावतात. २०२४ च्या मार्च महिन्यात बेंगळुरू येथे वाहनांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मित्रानेच केलेल्या अशा थट्टेत एका तरुणाचा मृत्यू झाला. ज्या गॅरेजात कॉम्प्रेसर आहे, तेथे ही गोष्ट मालकाने आपल्या तोंडाने, न लाजता, प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगितली पाहिजे.

विजेचेही तसेच. प्लग मोडला की उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काडी खोचायची, ही आपली जुनी युक्ती. साठ वॉटचा दिवा पेटण्यास सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या नवव्या भागाइतका, म्हणजे तीसएक मिलिअँपिअर प्रवाह छातीतून जाणेही धोक्याचे मानतात. म्हणूनच माणसाच्या रक्षणासाठी बसवायचे यंत्र, ज्याला आपण ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो, ते तीस मिलिअँपिअरला प्रवाह तोडते. बोर्डावर साधे एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणारे मालक मला भेटतात. ते एमसीबी तारेचे रक्षण करते. आपल्यासारख्या माणसाचा प्रवाह त्याच्या खिजगणतीत नसतो. काही अवजारांना दोनच पिन असतात आणि त्यावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते, ती दुहेरी आवरणाची असल्याने त्यांना अर्थिंगची तार नसते. ज्यांना तीन पिना दिल्या आहेत, त्यांची तिसरी पिन मोडण्याचे मात्र काही कारण नाही. धुतलेल्या गाडीखालच्या ओल्या जमिनीवर पडून ड्रिल चालवणाऱ्याला हे विशेषकरून लागू आहे.

आगीविषयी थोडक्यात सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरकत जाऊन दुरुस्तीच्या खड्ड्यात साठते. ग्राइंडरची ठिणगी तिला पुरेशी असते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा सुरक्षित समजून तिला वेल्डिंग करणे किंवा कापणे हा तर उघड घात आहे, कारण रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण तयारच असते. ड्रिलवर सैल हातमोजा किंवा हातातील कडे अडकणे, इम्पॅक्ट गनवर हाताने वापरायचे साधे चकचकीत सॉकेट चढवणे आणि ते फुटणे, गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरणे, या गोष्टी आपण माझ्यापेक्षा चांगल्या जाणता.

आता ज्या विषयासाठी मी अध्यक्षांकडून मुद्दाम वेळ मागून घेतला, त्याकडे वळतो.

आमच्याकडे एक तरुण आला. डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला सुईने टोचावे एवढे छिद्र, रक्त जवळजवळ नाही. सोबतच्या मालकांनी सांगितले, ‘तार टोचली.’ अशा जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन आणि वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवणे हा रिवाज आहे. बोट मात्र फुगीर आणि फिके दिसत होते. आमच्या एका ज्येष्ठ परिचारिकेने मालकांना चहासाठी बाहेर पाठवले आणि मुलाला पुन्हा विचारले. तेव्हा कळले की हवेवर चालणाऱ्या ग्रीस गनचे तोंड साफ करताना त्याने बोट पुढे धरले होते. ग्रीस गनचा दाब हजारो पौंडांत असतो. त्या छिद्रातून ग्रीस त्वचेखाली शिरून बोटाच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरले होते. ही जखम वरून क्षुल्लक दिसते आणि आतून बोट मारते. काही तासांत चीर देऊन आतले ग्रीस काढले नाही तर बोट कापावे लागण्याची शक्यता फार मोठी असते. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. बोट वाचले, पूर्ण वाकत नाही. डिझेलच्या नोझलची फवार तळहातावर घेऊन पाहणाऱ्या जुन्या मिस्त्रींनाही हेच लागू आहे.

मालकांनी ‘तार’ का सांगितली? ते दुष्ट नव्हते. रात्रभर ते बाहेरच्या बाकावर बसून होते, अनामत रक्कमही त्यांनीच भरली. त्यांना भीती होती पोलिसांची. कामावर झालेली इजा म्हटली की मेडिको-लीगल नोंद होते आणि पोलिस ठाण्याला कळवले जाते, हे त्यांना ऐकून माहीत होते. म्हणून ग्राइंडरचे ‘दारात बोट सापडले’ होते, कॉम्प्रेसरचे ‘पोटात दुखते’ होते, विजेच्या धक्क्याचे ‘चक्कर येऊन पडला’ होते. याबाबतीत मी रुग्णालयाच्या वतीने स्पष्ट सांगू इच्छितो. ही नोंद म्हणजे आरोप नव्हे. आम्ही केवळ माहिती कळवतो, कोणाचा दोष किती हे ठरवत नाही. आणि नोंदीसाठी उपचार थांबत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्विवादपणे सांगितले आहे की जीव वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य आहे आणि कायद्याच्या औपचारिक बाबी त्याच्या आड येता कामा नयेत. उलट खोटे कारण सांगितल्याने डॉक्टर भलत्याच दिशेने जातात. डोळ्यात ‘किडा गेला’ असे सांगितले तर आत लोखंडाचा कण आहे का हे पाहण्यासाठी क्ष-किरण कोण काढील?

खोट्या कारणाचा दुसरा परिणाम पैशाचा आहे, आणि तो माझा प्रांत आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला तर कमावण्याची शक्ती किती टक्के घटली असे धरावे, याचा तो तक्ता. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून तक्त्याची पद्धत तीत पुढे चालू राहिली आहे. समजा, वीस वर्षांचा कारागीर आहे आणि महिना दहा हजार रुपये पगार आहे. पगाराचे ६० टक्के म्हणजे सहा हजार, त्याला वयाचा गुणक २२४, ही रक्कम झाली १३ लाख ४४ हजार रुपये. तर्जनीचे १४ टक्के म्हणजे १ लाख ८८ हजार १६० रुपये. अंगठा असेल तर ४ लाख ३ हजार २०० रुपये. कायद्याने मांडलेला हा हिशेब आहे. केसपेपरवर ‘घरच्या दारात बोट सापडले’ असे लिहिले गेले, की तो मुलगा आपल्या हक्काच्या एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर आपल्याच तोंडाने पाणी सोडतो. बहुधा त्याला ते ठाऊकही नसते.

मालक म्हणतील, एवढी रक्कम आम्ही कोठून आणावी? प्रश्न रास्त आहे. कामगार राज्य विमा योजना दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांसाठी आहे, आणि आपली बहुतेक गॅरेजे तीन-चार माणसांची. परंतु सर्वसाधारण विमा कंपन्या कामगारांच्या भरपाईची पॉलिसी देतात आणि ती अगदी लहान आस्थापनेलाही घेता येते. ग्राहकाच्या गाडीचा विमा आहे का, हे आपण दुरुस्तीपूर्वी आवर्जून विचारतो. गाडीखाली जाणाऱ्या माणसाचा आहे का, हे विचारत नाही.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद आपल्या आजच्या प्रश्नाशी निगडित आहे. सुरक्षेसाठी दिलेले गार्ड कामगाराने स्वतः जाणूनबुजून काढून टाकले आणि त्यामुळेच इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही, असा अपवाद १९२३ च्या कायद्यात होता. तो वाचून काही मालकांना हायसे वाटेल. पण मग गार्ड कोणी काढले, हे पाहावे लागेल. यंत्र खोक्यातून निघाले त्या दिवशी ते उस्तादाने काढले. मुलगा दुकानात आला तेव्हा त्याने ग्राइंडर पाहिला तो गार्डविनाच. त्याच्या दृष्टीने ग्राइंडर असाच असतो. ज्याने गार्ड कधी पाहिलेच नाही, त्याने ते काढले असे कसे म्हणावे? केसपेपरवर ‘निष्काळजीपणा’ लिहायचा तर तो खोके उघडले त्या दिवसाच्या तारखेने लिहावा लागेल.

आमच्या विश्वस्त संस्थेच्या हिशेबाविषयीही दोन शब्द, कारण हे भाषण वार्षिक अहवालात छापले जाणार आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना ठरवून दिली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. गॅरेजमधील बरेच हेल्पर या निधीतून उपचार घेतात आणि ते योग्यच आहे, निधी त्यासाठीच आहे. मात्र हा निधी खाटेचा, औषधांचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च उचलतो. पुढील तीन महिने बुडालेली मजुरी, व्यायामोपचारासाठी आठवड्यातून तीनदा येण्याचे एस.टी.चे भाडे, घरी पैसे पाठवणे थांबल्याने बहिणीची थांबलेली शाळा, हे खर्च आमच्या कोणत्याच खात्यात येत नाहीत. तर्जनीला कायदा १४ टक्के म्हणतो. इंजिनाच्या मागे, जेथे डोळा पोहोचत नाही तेथे, नट बोटाने चाचपून बसवणाऱ्या माणसाला ती किती टक्के असते, हे आपणच सांगू शकाल.

मुलांविषयी बोलणे टाळता येणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. ‘तो कामाला नाही, शिकायला येतो’ हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकतो. दुपारी शाळेच्या वेळी पाने उचलून देणारा मुलगा शिकायला आलेला नसतो, हे आपण सारे जाणतो. चौदा ओलांडलेल्यांच्या बाबतीतही माझी विनंती आहे की ग्राइंडर हे पहिल्या वर्षाचे अवजार समजू नये. आपल्या धंद्यात शिकवणे तोंडाने होत नाही, ते पाहून होते. उस्ताद चष्मा न घालता घासत असेल, तर चष्मा न घालणे हा त्या विद्येचाच भाग आहे असे मुलगा समजतो आणि काही वर्षांनी आपल्या हाताखालच्या मुलाला तेच शिकवतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, कॉफी, ग्रीस, पेट्रोल, काही लावू नये. तुटलेला भाग स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या डब्यात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये, पाण्यात किंवा दुधात बुडवू नये. तसे केल्याने ते जोडण्याच्या लायकीचे राहत नाही. कातडीला लटकत असलेला भाग तोडू नये. रुग्णाला चहा किंवा खाणे देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. बोट जोडण्याच्या सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय आपल्या रुग्णालयात नाही, रुग्णाला पुण्यास पाठवावे लागते. ग्राइंडरने चिरडलेले प्रत्येक बोट जोडता येतेच असे नाही. पण योग्य गारव्यात ठेवलेल्या बोटाला वेळ अधिक मिळतो आणि आपल्या बाबतीत तो वेळ रस्त्यातच लागणार असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी; ती येण्याआधी निघणे शक्य असेल तर निघावे आणि अपघात विभागाला दूरध्वनी करून कारण खरे सांगावे.

डोळ्यात काही गेले तर चोळू नये. तुकडा रुतलेला दिसत असेल तर ओढू नये, कागदी पेल्यासारखे काही वर झाकून तसेच यावे. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा.

माझे बोलणे येथे संपवतो. यानंतर अस्थिरोग विभागाचे डॉक्टर तुटलेला भाग कसा बांधून आणावा हे प्रत्यक्ष दाखवणार आहेत. धनुर्वाताची लस तळमजल्यावर संध्याकाळी सहापर्यंत दिली जाईल, नेत्रतपासणीसाठी नावे दाराशी नोंदवावीत. प्रात्यक्षिकाचे टेबल लहान आहे. मालक मंडळी पुढच्या रांगांत बसली आहेत आणि त्यांच्यासोबत आलेली मुले मागे भिंतीला टेकून उभी आहेत, त्यांना तेथून काही दिसणार नाही. कृपया त्यांना पुढे बसू द्यावे, आणि प्रात्यक्षिक सुरू होण्याआधी खुर्च्यांची ही अदलाबदल उरकून घ्यावी.